आत काच नसलेल्या तीन नळ्या: एक्स्टेंशन ट्यूब सहा महिने वापरल्यावर

फोटो काढायला लागून सात वर्षं झाली आणि मध्यंतरी कॅमेरा उचलावासाच वाटेना. सूर्यास्त, ढग, रिकामा बाक, भिजलेला रस्ता. हार्ड डिस्क त्यानेच भरलेली. नवी लेन्स घ्यायचं मनात होतं, पण घेतला एक्स्टेंशन ट्यूबचा संच. १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन नळ्या.

नळीत काच नसते. ती कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसते, लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून) लांब सरकते आणि अगदी जवळच्या वस्तूवर फोकस होतो. वस्तू किती मोठी उमटेल याचा हिशोब सोपा आहे: नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा). लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला ठेवून ५० मिमीवर ३६ची नळी लावली की वस्तू सेन्सरवर ०.७२ पट उमटते, तिन्ही लावल्या की १.३६ पट. तीच ३६ची नळी २०० मिमीवर जेमतेम ०.१८ पट देते. मोठ्या टेलिलेन्ससाठी कोणी घेणार असेल तर जरा थांबा, खरी मजा ५० मिमीवर आहे.

पहिल्याच संध्याकाळी जुन्या वर्तमानपत्रातल्या एका रंगीत चेहऱ्यावर कॅमेरा रोखला. गाल कुठे गेला कळेना! निळसर, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके, काही एकमेकांवर चढलेले. मग मीठ काळ्या कागदावर भुरभुरलं. दाणे म्हणजे चक्क चौकोनी ठोकळे निघाले, कोपरे झिजलेले. त्या रात्री टेबलावरून उठलेच नाही. विषय संपलेत असं मला वाटत होतं, आणि ते हाताच्या अंतरावर पडलेले होते.

पण हे फोटो सहज येत नाहीत. वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटते तेव्हा एफ/८लासुद्धा (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक आणि जास्त खोलीपर्यंत स्पष्ट) एक मिलिमीटरच्या आतलंच काय ते स्पष्ट येतं. ऑटोफोकस नुसता पुढेमागे करत बसतो. मी तो बंद करते, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दहापट मोठं करून बघते आणि फोकस रिंग न फिरवता अख्खा कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवते. खाली ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/१६ला गेलात तर फसाल. एवढ्या जवळून ते प्रत्यक्षात एफ/३२सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे सगळाच फोटो मऊ पडतो. माझं एफ/८वर जमतं.

उजेड हा दुसरा प्रश्न. तिन्ही नळ्या लावल्या की तो अडीच स्टॉपच्या आसपास कमी होतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), शिवाय लेन्स इतकी जवळ जाते की तिचीच सावली पडते. खिडकीचा बाजूचा उजेड आणि समोरून पांढरा पुठ्ठा, एवढ्यावर माझं भागतं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला एका थेंबाने. गवताच्या टोकाला थेंब, मागे फूल. थेंबात ते फूल उलटं दिसतं. थेंबाची कड आणि आतलं फूल एका पातळीत नसतं, हे कळायला मला चार सकाळी लागल्या. कड धारदार, फूल धूसर, असे कितीतरी फोटो पुसले. पाचव्या दिवशी कडेचा नाद सोडला, फुलावर फोकस केला आणि पाकळ्या मोजता आल्या.

आता घेण्याबद्दल. माझा पहिला संच इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट नसलेला होता. त्यात कॅमेऱ्यावरून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र बदलता येईना, लेन्स सताड उघडीच राहायची, त्यातून माउंटही (लेन्स अडकवायची जोडणी) ढिला. तिन्ही नळ्या जोडल्या की लेन्स किंचित खाली झुकायची. लेन्सला स्वतःची ॲपर्चर रिंग असेल तरच तसला घ्या. कॉन्टॅक्टवाला दुसरा संच घेतला आणि निम्मा त्रास संपला. नळी बदलताना सेन्सर उघडा पडतो, तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा.

किडे, फुलपाखरं हेच काढायचं असेल तर जरा लांबच्या फोकल लेंग्थची मॅक्रो लेन्स (जवळच्या फोटोंसाठीच बनवलेली) बरी. नळी लावली की लांबचं काहीच फोकसमध्ये येत नाही आणि ५० मिमीवर इतकं जवळ जावं लागतं की किडा उडून जातो. जागचं न हलणाऱ्या वस्तूंसाठी मात्र मी हा संच कुणालाही डोळे झाकून सांगेन. सध्या टेबलावर बंद पडलेलं मनगटी घड्याळ उघडून ठेवलंय. चाकांचे दाते झाले, आता केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या मागे लागलेय.