एसएसडी की हार्ड डिस्क, घरच्या कॉम्प्युटरला काय टाकायचं?

सरळ सांगतो, विंडोज जिच्यावर टाकायचंय ती ड्राइव्ह एसएसडीच हवी, यात आता वाद घालण्यासारखं काही राहिलेलं नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे सरकतं, आणि कॉम्प्युटर चालू होताना हजारो बारक्या फाइली उघडाव्या लागतात, मग काय, स्क्रीनवरचं गोल चक्र बघत बसा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळा चिपचा कारभार. साटा या जुन्या जोडणीवाली एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीवाली त्याच्या कितीतरी पुढे, पण ब्राउझिंग-टायपिंगमध्ये या दोघींतला फरक फारसा जाणवत नाही (जुन्या मदरबोर्डवर एसएसडी बसवायचा छोटा एम.२ स्लॉट असला तरी तो एनव्हीएमई घेतो का ते आधी बघा).

हार्ड डिस्क मग भंगारात? छे! फोटो, व्हिडिओ, बॅकअप यासाठी तेवढ्याच पैशात जागा बरीच जास्त मिळते. शिवाय वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणार असेल तर एसएसडीवर भरवसा नको, खूप काळ वीज मिळाली नाही की चिपमधला चार्ज हळूहळू गळतो. बिघडायची तऱ्हाही वेगळी, हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कटकट आवाज करते, एसएसडी न सांगताच जाऊ शकते. पण हार्ड डिस्क चालू असताना हातातून पडली की संपलंच. आणि हो, एसएसडी डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करत बसू नका, फायदा काही नाही, उगाच झीज.