आठ महिने स्टीलची बाटली आणि नळाचं पाणी

फेब्रुवारी ते सप्टेंबर, एक लिटरच्या दोन बाटल्या रोज वापरून झाल्या: एक साधी एकपदरी स्टीलची, दुसरी दुहेरी भिंतीची थर्मासची. विकतचं पाणी पूर्ण बंद.

वावरात न्यायला एकपदरीच घ्या. तिला बारदानाचा तुकडा गुंडाळायचा, भिजवायचा आणि सावलीत, वारा लागेल अशी टांगायची. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी छागलीतल्यासारखं (पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशवीतल्यासारखं) गार होतं. बारदान वाळलं की पुन्हा भिजवा. पावसाळी दमट हवेत हे चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही पडत नाही. थर्मासला ओलं कापड गुंडाळून काही होत नाही, कारण मधल्या पोकळीतून आतली उष्णता बाहेर येत नाही. तिच्यात माठाचंच पाणी भरावं. गार पाणी भरल्यावर बाहेरून घाम सुटला, तर पोकळीत हवा शिरली समजा. आपटल्यावर हे होतं आणि ते दुरुस्त होत नाही.

तळाला ३०४ चा, म्हणजे स्टीलच्या चांगल्या प्रतीचा, छाप पाहा. चुंबक चिकटत नाही म्हणून ३०४, हा दुकानातला पुरावा कच्चा आहे. हलक्या २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. तोंड हात जाईल एवढं रुंद हवं. अरुंद तोंडाच्या बाटलीच्या खांद्याशी बुळबुळीत थर बसतो, तिथे ब्रश पोचत नाही.

आता पाण्याचं, आणि खरा प्रश्न तोच आहे. नळ आला की पहिली काही मिनिटं पाणी झाडांना सोडा. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून नालीचं पाणी आत ओढलं जातं. जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला) ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करून दाखवायला सांगा: पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. क्लोरीनचा वास उघड्या माठात रात्रभरात जातो, पण त्याबरोबर संरक्षणही जातं. म्हणून माठ रोज घासायचा आणि पाणी ओगराळ्यानेच काढायचं.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात (नदीकाठचा खाऱ्या भूजलाचा भाग) किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या बोअरवर नुसती बाटली बदलून भागणार नाही. उकळल्याने क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटून दाट होतात. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर ते पाणी पिऊ नका. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. गावोगाव फिरणारे थंड जारही बिनसीलचे असतील तर ते बाटलीबंद पाणी नव्हे, नुसतं गार पाणी.

खाऱ्या पाण्याचा पांढरा थर एक चमचा लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून तासभर ठेवलं की सुटतो. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) बाटलीत कधीच टाकू नका, क्लोरीन स्टीलला खातं.

सगळ्यात आधी खराब होतो तो झाकणाचा वायसर. आठवड्यातून एकदा काढून घासला नाही, तर त्याच्या खाली काळी बुरशी धरते. बाटली घेतानाच दोन जास्तीचे मागून घ्या. त्याच मापाचा नंतर तालुक्याला मिळत नाही.