बॅच फाइलमध्ये पाथ: %1 की "%~1"?

समजा, नाशिकच्या सातपूरमधल्या ऑफिसात ‘अंबड बिले’ या फोल्डरचा पाथ (पत्ता) बॅकअपच्या बॅच फाइलला, म्हणजे विंडोजचे आदेश ओळीने चालवणाऱ्या फाइलला द्यायचा आहे. नावात स्पेस, म्हणून ते अवतरणचिन्हांत येतं. %1, म्हणजे फाइलला दिलेली पहिली गोष्ट, ती चिन्हं तशीच ठेवतो. साध्या कॉपीला चालतं; पण रिकामा पाथ तपासायला इफमध्ये (अट पाहणाऱ्या आदेशात) "%1"=="" लिहिलं की चिन्हं दुप्पट होतात, स्पेस उघडी पडते आणि स्क्रिप्ट तिथेच कोसळते.

"%~1" मध्ये टिल्ड (~) बाहेरची चिन्हं काढतो, आपली नवी लागतात. स्पेस असो-नसो, निकाल एकच. डोळे झाकून हाच घ्यावा. फक्त पाथच्या शेवटी बॅकस्लॅश असेल तर रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी-आज्ञा बंद करणारं अवतरणचिन्ह नावातच धरते, तिथे "%~1\." लिहा.

चिन्हांविना आलेल्या नावात & (दोन आदेश वेगळे करणारं चिन्ह) असेल तर दोन्ही हतबल: ओळ आधीच तुटलेली असते.