गस कॅननची सीडी: आठ महिने ऐकून झाल्यावर

सीडी घेतली फेब्रुवारीत, सेकंडहँड. गस कॅननच्या 'कॅनन्स जग स्टॉम्पर्स' या अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या बँडने १९२८ ते १९३० मध्ये केलेली रेकॉर्डिंग्ज, आणि त्याआधी गस कॅननने 'बँजो जो' या नावाने १९२७ मध्ये गायलेली काही गाणी. डबी तडकलेली आली, आतली पुस्तिका गायब. विकणाऱ्याने 'किरकोळ वापरलेली' एवढंच लिहिलं होतं. असो. पैसे वसूल झाले, पण पहिल्या दोन महिन्यांत नाही.

आधी आवाजाबद्दल. हे सगळं ७८ आरपीएमच्या झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं आहे, त्यामुळे शेजारच्या घरात भजी तळली जातायत असं सतत वाटत राहतं. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. बँजो (गिटारसारखं, कातडं ताणलेलं तंतुवाद्य) नुसता टकटक करतो आणि जग हे वाद्य पूर्ण गायब होतं. हेडफोन लावा, ट्रेबल थोडा उतरवा. आठवडाभरात कान सरावतो.

जग म्हणजे पाण्याचा जग, दुनिया नव्हे. घरी प्रत्येकाला हे सांगावं लागलं. दारूची मातीची बुधली तोंडापुढे धरून तिच्यातून काढलेला आवाज, तोच या बँडचा खर्ज. मला वाटायचं, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून पोरं शिट्टी काढतात तसंच काहीतरी असेल. तसं नाही. ट्रॉम्बोनवाल्यासारखे ओठ थरथरवायचे, सूर ओठांनीच काढायचा, भांडं तो फक्त घुमवतं. आईच्या लोणच्याच्या बरणीवर प्रयोग केला. रुंद तोंड, नुसती हवा. मग पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घेतला आणि तिसऱ्या दिवशी त्यातून एक सूर निघाला, रेड्याच्या हंबरण्यासारखा. कॅनन स्वतः रॉकेलचा डबा गळ्यात अडकवून वाजवायचा, म्हणजे दोन्ही हात बँजोला मोकळे. मी एका सुरातच घामाघूम. तो माणूस एकाच वेळी बँजो वाजवतोय, डबा फुंकतोय आणि मध्येच गातोयही. हे कळल्यावर सीडी पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

गसचा जन्म १८८३ चा, मिसिसिपीतल्या रेड बँक्सचा. पहिला बँजो त्याने तळणीचा तवा आणि रॅकूनचं कातडं जोडून घरीच केला म्हणतात. पुढे वर्षानुवर्षं औषधविक्याच्या तमाशांत वाजवलं. गावोगाव गाणी-विनोदांनी गर्दी जमवायची आणि मग सर्व रोगांवर रामबाण बाटली विकायची. आपल्याकडच्या जडीबुटीवाल्याने सोबत चांगला बँड ठेवला असता तर जसं झालं असतं तसं. ही सवय रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. गडी गर्दीला धरून ठेवतो. म्हणूनच सुरुवातीला मला हे सगळं गमतीचं वाटलं आणि लवकर कंटाळाही आला.

मत बदलायला लावलं ते 'कॅन यू ब्लेम द कलर्ड मॅन' या १९२७ च्या गाण्याने. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे व्हाइट हाउसमध्ये जेवायला गेले आणि दक्षिणेत गहजब उडाला, त्यावरचं हे गाणं. पहिल्यांदा ऐकताना मी हसलो. पाचव्यांदा ऐकताना प्रश्न पडला, की हा नक्की कोणाची टर उडवतोय.

तरी या सीडीतला माझा माणूस गस नाही. माउथ ऑर्गनवाला नोहा लुईस. 'व्हायोला ली ब्लूज'मध्ये तो गातोही: न्यायाधीश, शिक्षा, तुरुंग. आवाजात रडारड नाही, पण मागून माउथ ऑर्गन आला की पोटात कालवतं. हेच गाणं ग्रेटफुल डेड या रॉक बँडने १९६७ मध्ये पहिल्या अल्बमात कितीतरी लांबवून घेतलं. मला मूळचंच आवडतं, तिथे एकही सूर जास्तीचा नाही. लुईस १९६१ मध्ये गेला, हलाखीत.

त्याच्यानंतर दोनच वर्षांत गसचं नशीब फिरलं. १९२९ मधलं त्याचं 'वॉक राइट इन' रूफटॉप सिंगर्स या त्रिकुटाने नव्याने गायलं आणि १९६३ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गस तेव्हा ७९ वर्षांचा. आदल्याच हिवाळ्यात कोळशासाठी बँजो गहाण टाकला होता, असं सांगतात. त्याच वर्षी स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने त्याचा स्वतःचा अल्बम काढला. त्यात गाण्यांच्या मध्ये म्हातारा मस्त गप्पा हाणतो. तो या सीडीत नाही, वेगळा शोधावा लागतो. १९७९ मध्ये, नव्वदी ओलांडून, मेम्फिसमध्येच गेला.

रूफटॉपवाल्यांचं गाणं वाईट नाही. चकचकीत आहे, बारा तारांच्या गिटारी छान वाजतात. पण त्यात जग नाही, आणि आता मला ती जागा रिकामी ऐकू येते.

घ्यायची का? सलग ऐकणार असाल तर नको, सातव्या गाण्यानंतर सगळी एकसारखी वाटतात. रोज दोन ऐका. 'मिंगलवुड ब्लूज'पासून सुरू करा, 'पिग अँकल स्ट्रट' कामं करताना लावा, 'व्हायोला ली' रात्री. पाचपैकी चार तारे. एक कापला तो हरवलेल्या पुस्तिकेसाठी, गाण्यांमुळे नाही. तेलाचा कॅन मात्र मागच्या रविवारी भंगारवाल्याकडे गेला. मला विचारलं नव्हतं.