विजेने उडवलेला विडूडभ, फुकटात

मी लाकडी ठशांची चित्रं करते, शिकवतेही. त्यामुळे ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहाबद्दलचं माझं मत थोडं पक्षपाती समजा. जपानी ठसाचित्रांमागची मूळ रेखाटनं निवांत बघायची असतील तर घरबसल्या याहून चांगली सोय मला सापडलेली नाही. पैसे लागत नाहीत, लॉगिनची कटकट नाही.

सुरुवात होकुसाई या जपानी चित्रकाराच्या १०३ रेखाटनांपासून करा. १८२० ते १८४० च्या दशकांच्या आसपास एका सचित्र कोशासाठी त्याने ती काढली, पण कोश छापलाच गेला नाही. आपलं नशीब! कारण ठसा कोरताना कारागीर अंतिम रेखाटनाचा पातळ कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवतो आणि रेषांसकट कोरत जातो. ठसा तयार, मूळ चित्र संपलं. त्याच काळातल्या कुनियोशी या ठसाचित्रकाराने १८२७ पासून 'सुइकोदेन' या मूळ चिनी कादंबरीतले गोंदवलेले बंडखोर वीर छापायला घेतले. आज आपण बघतो ती त्यांची छापील चित्रं; फळीला चिकटवलेले कागद फळीबरोबरच गेले. होकुसाईची ही चित्रं मात्र फळीपर्यंत पोचलीच नाहीत. आंरी व्हेव्हेर या फ्रेंच जवाहिऱ्याकडे ती एकेकाळी होती. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा उजेडात आली आणि २०२० मध्ये म्युझियमने घेतली.

त्यात भारत आहे. शाक्यांचा संहार करणारा कोसलचा राजा विडूडभ आपल्याकडे बौद्ध कथांतून माहीत असतो. पाली कथेत तो सैन्यासकट अचिरवतीच्या पुरात वाहून जातो. होकुसाईने त्याला विजेने मारलंय. स्फोटाच्या रेषा मधून चहूकडे फुटतात आणि माणूस त्यांत भिरकावला जातो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एवढा दणका! झूम करून बघा: कुंचला कुठे दाबलाय, कुठे सोडलाय ते दिसतं. शिकणाऱ्यासाठी हे सोनं आहे, कारण छापील चित्रातली रेष कोरणाऱ्याच्या चाकूची असते, आणि ही थेट चित्रकाराच्या हाताची आहे. भुतंखेतं जागवणारा, बुद्धाचा वैरी देवदत्तही याच संचात आहे, तो चुकवू नका.

फोनवर मात्र बघू नका, मजा जाते. शोध इंग्रजीतच घ्यावा लागतो आणि वर्णनं कोरडी आहेत. शिवाय तुम्हाला फक्त कुनियोशीची कच्ची कामं हवी असतील, लाल रेषांवर काळ्या रेषा आणि चुकीवर डकवलेले कागदाचे तुकडे, तर नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयाकडे वळा. त्यांचा साठा मोठा आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो परवान्यामुळे. चित्रं उतरवून घेता येतात, वर्गात दाखवता येतात, पण व्यावसायिक वापराला मोकळीक नाही. टी-शर्टवर विडूडभ छापून विकायचा बेत असेल तर आधी रीतसर परवानगी काढा.