निसेकोची पावडर स्की ट्रिप: गाईड एक नंबर, बूट मात्र स्वतःचेच न्या
टोकियोत राहतो म्हणून फेब्रुवारीत होक्काइदोला निसेकोची तीन दिवसांची गाईडेड बॅककंट्री (म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरावरची) स्की ट्रिप केली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भाड्याच्या बुटांनी पहिल्याच दिवशी घोटे सोलून काढले आणि बदलून मागितले तर म्हणे तुमचा साईज संपला. गाईड मात्र भारी होता. निघायच्या आधी त्याने एक बीकन (हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधायचं सिग्नल यंत्र) बर्फात पुरला आणि आम्हाला शोधायला लावला, मी बराच वेळ भलतीकडेच प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) खुपसत बसलो 😅 फावडं, प्रोब, बीकन प्रत्येकाकडे पाहिजेच, त्यात ॲडजस्टमेंट नाही.

लिफ्ट-बिफ्ट विसरा, स्कीच्या खाली स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) चिकटवून दोन तास चढायचं, बनियन घामाने ओलं आणि वर थांबलं की दात वाजतात. पण सायबेरियाकडून येणारा वारा जपानच्या समुद्रावरची वाफ उचलून इथे जो बर्फ टाकतो ना, तो अक्षरशः पिठीसाखर, गुडघाभर, उतरताना आवाजच नाही! समोर १८९८ मीटरचा योतेई ज्वालामुखी दोन मिनिटं दिसला आणि ढगात गडप.

रिसॉर्टमधले रेड रन (मध्यम अवघड उतार) आरामात जमत नसतील तर बुक करू नका, आमच्यातल्या एकाला गाईडने सरळ परत पाठवलं. संध्याकाळी ओनसेनच्या (गरम झऱ्याच्या) पाण्यात सोललेले घोटे बुडवले, आई गं.