टीव्हीच्या आवाजासाठी काय घ्यावं: साउंडबार, स्पीकरची जोडी की ५.१?

टीव्ही घेताना चित्र तासभर पारखलं जातं, आवाज मात्र कोणी ऐकूनही बघत नाही. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडं खाली किंवा भिंतीकडे वळली. स, श, ट, क ही व्यंजनं स्पष्ट करणारा आवाज बराचसा २,००० हर्ट्झच्या वरचा असतो आणि तो सरळ रेषेत जातो. तोंड खाली असलेल्या स्पीकरमधून नेमका तोच कानापर्यंत नीट पोचत नाही. मग आवाज वाढवला तरी संवाद पुटपुटल्यासारखेच वाटतात.

तक्रार फक्त संवादांची असेल तर साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) पुरे, पण ३.१ घ्या. यातला पहिला आकडा चॅनेलचा, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र वाटांचा, आणि .१ म्हणजे खर्जाचा आवाज देणारा सबवूफर. चित्रपटाच्या ५.१ ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. ३.१ मध्ये त्या चॅनेलला स्वतंत्र स्पीकर असतो आणि बहुतेक बारमध्ये त्याचा आवाज वेगळा वाढवता येतो; २-३ डेसिबलनेही फरक कळतो. २.१ मध्ये संवाद आणि पार्श्वसंगीत त्याच दोन स्पीकरांतून येतात. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे उंचीचे चॅनेल. बार ते छताकडे आवाज फेकून साधतो, त्यामुळे छत उतरतं किंवा फार उंच असेल तर त्यासाठी जास्त पैसे घालू नयेत.

घरात गाणीही मन लावून ऐकली जात असतील, तर अॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ (फळीवर मावतील असे) स्पीकर घ्या. बार जेमतेम मीटरभर लांब. त्यातून स्टिरिओचा पसारा उभा राहत नाही. बैठक २.५ मीटरवर असेल तर दोन स्पीकरांत साधारण तेवढंच अंतर ठेवा, ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) बसल्यावर कानाच्या उंचीवर येऊ द्या. वायर जोडताना एकाच स्पीकरची लाल-काळी टोकं उलटी लागली तर बास गळतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता विस्कटतो. या जोडीची खरी उणीव एकच: कडेला बसणाऱ्याला संवाद जवळच्या स्पीकरमधून येताना वाटतात.

५.१ (समोर तीन, मागे दोन स्पीकर आणि सबवूफर) सर्वांत सरस, पण जागा असेल तरच. मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर हवेत. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर लावावे लागतात, आणि टोकाला बसणाऱ्याच्या थेट कानाशी येतात. अशा खोलीत त्याच पैशांत चांगले पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर घेतलेले बरे. लहान स्पीकरांसाठी क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.

जोडणी शक्यतो एचडीएमआयच्या एआरसी किंवा त्याच्या सुधारित ई-एआरसी पोर्टनेच (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा पोर्ट) करा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडू शकतो. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, अॅटमॉस (उंचीचा आवाजही असलेला डॉल्बीचा ध्वनी) जात नाही. साध्या एआरसीवर स्ट्रीमिंगचं अॅटमॉस चालतं. ब्ल्यू-रेचं ट्रू-एचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवता साठवलेला ध्वनी) टीव्हीमार्फत न्यायचं असेल तर ई-एआरसी लागतं. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (टीव्हीनेच आवाज उलगडून पाठवणं) राहिलं तर बहुतेक वेळा ५.१ चं स्टिरिओ होऊनच पुढे जातं आणि महागडा बार दोनच चॅनेल वाजवतो. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’ (आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणं) करा. बार टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत आणून ठेवा, कपाटाच्या खणात आत ढकलू नका, आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा. दोन्ही एकदम वाजले की संवाद दुहेरी आणि घुमल्यासारखे येतात.